एक्केचाळिसावे मूल

वर्गात मुले कमी असली की शिकवणे चांगले होते, हे शिक्षकांना कोणी पटवून द्यावे लागत नाही. पासष्ट जणांच्या तुकडीच्या निबंधाच्या वह्या ज्याने एकदा तपासल्या आहेत, त्याला ते पुरते ठाऊक असते. पण जादा तुकडी मंजूर करून घ्यायला खात्याकडे गेले की नुसते ठाऊक असून भागत नाही. एका तुकडीच्या दोन केल्या तर एक शिक्षक वाढतो, एक खोली लागते आणि पगाराचा खर्च दरवर्षीचा होतो. एवढे करून मुलांच्या पदरात नेमके किती पडते, असे कोणी विचारले तर उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. ते देऊ लागलो की जी अडचण येते, ती समाजशास्त्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात येते.

लंबकाचा प्रयोग आठवा. आपण दोऱ्याची लांबी बदलतो, बाकी सर्व तसेच ठेवतो आणि आवर्तनकाल मोजतो. लांबी आपण स्वतः बदललेली असते, म्हणून आवर्तनकालातल्या फरकाचे कारण लांबी, असे बिनधास्त म्हणता येते. वर्गाचा आकार मात्र कोणी संशोधक बदलत नाही. गावाची वस्ती, शाळेचे नाव, पालकांची ऐपत, मुख्याध्यापकांची धडपड अशा कितीतरी गोष्टींनी तो ठरतो, आणि नेमक्या याच गोष्टी मुलांच्या गुणांवरही परिणाम करत असतात. संशोधकाच्या हाती येतात ते जे घडून गेले त्याचे आकडे. प्रयोग न करता, केवळ अशा नोंदींवरून कारण आणि परिणाम यांचे नाते सांगता येईल का?

येईल, असे म्हणणारा एक शोधनिबंध मे १९९९ च्या 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक होते जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी. निबंध पुढे फार गाजला. अँग्रिस्ट यांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते अशाच पद्धतींबद्दल. विद्यापीठांतून हा निबंध आदर्श नमुना म्हणून शिकवला जातो. तो खरोखर किती भक्कम आहे हे शिक्षकांनी तपासायला हवे, कारण त्याच्या भक्कमपणाची किल्ली गणितात नाही. ती हजेरीपटात आहे, आणि हजेरीपट अर्थशास्त्रज्ञांपेक्षा शिक्षकांना अधिक कळतो.

आधी कच्चे आकडे पाहू. इस्रायलमध्ये १९९१ साली चौथी-पाचवीच्या मुलांची देशव्यापी चाचणी झाली होती. वाचन आणि गणित हे तिचे विषय. लेखकांकडे पाचवीचे दोन हजारांवर वर्ग आणि सुमारे एक हजार शाळा यांची माहिती होती. वर्गाची सरासरी संख्या तिसाच्या आसपास होती. या आकड्यांत वर्गाचा आकार आणि गुण यांचा सहसंबंध पाहिला तर काय दिसते? मोठ्या वर्गांतल्या मुलांना गुण जास्त!

हे वाचून कोणी लगेच तुकड्या एकत्र करायला निघू नये. मोठे वर्ग मोठ्या शाळांत असतात, मोठ्या शाळा शहरांत असतात आणि तिथे येणारी मुले तुलनेने सुस्थितीतल्या घरांतली असतात. लहान वर्ग बहुधा दूरच्या, गरीब वस्त्यांतल्या शाळांत सापडतात. आपल्याकडेही चित्र निराळे नाही. शहरातल्या नावाजलेल्या शाळेची तुकडी ओसंडून वाहत असते, आणि डोंगरातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेचा सगळा पट मिळून वीस-पंचवीस असतो. दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवून वर्गाच्या आकाराविषयी काही बोलणे म्हणजे छत्र्या उघडल्या की पाऊस पडतो असे म्हणण्यासारखेच आहे. इस्रायलच्या आकड्यांत शाळेतल्या गरीब घरांतल्या मुलांचे प्रमाण हिशेबात घेताच 'मोठा वर्ग, जास्त गुण' हे नाते बरेचसे विरले. लेखकांनी हा उलटा सहसंबंध लपवला नाही, उघड मांडला. आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा आकडा आधी दाखवण्याची रीत सर्वत्र आढळत नाही, म्हणून त्याची नोंद घ्यावीशी वाटते.

गरिबी हिशेबात घेतली की काम संपले, असे मात्र नाही. पालकांची आस्था, शिक्षकांचा अनुभव, गावातले वातावरण असे किती घटक मोजणार? आणि जे कोणी मोजलेलेच नाहीत त्यांचे काय? १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळांतल्या सोयींमधल्या फरकापेक्षा घरची पार्श्वभूमी गुणांशी अधिक निगडित आहे, असा तिचा निष्कर्ष होता आणि त्यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. सहा लाख ही दबून जावे अशी संख्या खरी. पण तागडीच वाकडी असेल तर सहा वेळा वजन केले काय नि सहा लाख वेळा केले काय.

अँग्रिस्ट आणि लावी यांनी अधिक घटक मोजण्याचा मार्ग सोडला. त्यांनी निराळाच प्रश्न विचारला: वर्गाचा आकार कधी अशा कारणाने बदलतो का, की ज्याचा मुलांच्या घराशी, गावाशी, हुशारीशी संबंध नाही?

असे कारण त्यांना एका नियमात सापडले. बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाचे ज्यू धर्मपंडित आणि वैद्य होऊन गेले. कॉर्डोव्हात जन्म, आयुष्याचा उत्तरार्ध इजिप्तमध्ये. जुन्या धर्मवचनांच्या आधारे त्यांनी शाळेचा नियम सांगितला होता. पंचवीस मुलांपर्यंत एक शिक्षक, त्याहून जास्त पण चाळिसापर्यंत असतील तर त्याला एक मदतनीस, आणि चाळिसावर गेली की दोन शिक्षक. इस्रायलच्या सरकारी शाळांत १९६९ पासून चाळिसाची ही मर्यादा तुकड्या पाडण्यासाठी वापरात आहे.

आता आलेखकागद घ्या. आडव्या अक्षावर शाळेतल्या पाचवीचा एकूण पट मांडा, उभ्या अक्षावर एका वर्गातली मुले. पट १ पासून ४० पर्यंत वाढतो तसा वर्गही वाढत जातो आणि रेषा सरळ चढते. पट ४१ झाला की दोन वर्ग करावे लागतात. चाळिसावरची रेषा एकदम साडेवीसवर कोसळते. पुन्हा चढू लागते, ८० ला परत चाळीस होते आणि ८१ ला सत्तावीसवर येते. १२० ला चाळीस, १२१ ला सव्वातीस. करवतीच्या दात्यांसारखा हा आलेख दिसतो, आणि दाते पुढेपुढे बोथट होत जातात. प्रत्यक्षातले वर्ग नियमाला इतके काटेकोर चिकटून नव्हते. काही शाळा चाळिसाच्या आधीच दोन तुकड्या करत. तरीही पडझडीच्या जागा त्याच होत्या.

इथे खरी मेख आहे. ज्या शाळेत पाचवीला ३९ मुले आली आणि जिथे ४२ आली, त्या दोन शाळांत मुळात काय फरक असणार? त्या वर्षी गावात दोन-तीन मुले कमी-जास्त, एवढाच. पण पहिल्या शाळेत एकोणचाळीस मुले एका खोलीत बसतात आणि दुसरीत एकवीस-एकवीस. हा फरक पालकांनी निवडलेला नाही, मुख्याध्यापकांनी घडवलेला नाही. जणू निसर्गानेच नाणेफेक करून दिली. गुणांच्या आलेखातही नेमक्या त्याच जागी उलटे दाते उमटत असतील, म्हणजे ४१ ला, ८१ ला गुण उसळत असतील, तर ते घरच्या श्रीमंतीने उसळले असे म्हणता येत नाही. कारण श्रीमंती काही चाळिसाच्या पटीत उड्या मारत नाही.

दाते उमटले. पाचवीत परिणाम ठळक होता. वर्गात आठेक मुले कमी असली तर वाचनाचे गुण सरासरीने दोनेक गुणांनी वाढलेले दिसले. चौथीत परिणाम त्याहून कमी होता. १९९२ साली चाचणी झालेल्या तिसरीच्या मुलांत तो दिसलाच नाही.

निबंधाचा युक्तिवाद वाचताना आनंद होतो हे कबूल केले पाहिजे. एखादी भूमितीची सिद्धता चार ओळींत सुटावी तसा तो सुटतो. पण या सोपेपणाची किंमतही मोजावी लागली आहे. तुलना खरी उरते ती उंबरठ्याच्या आसपासच्या शाळांचीच. पट चाळीस, ऐंशी, एकशेवीस यांच्या पाच मागेपुढे असलेल्या शाळा घेतल्या, तर पाचवीच्या हजार शाळांतल्या उरतात सव्वादोनशेच्या आसपास. पुराव्याचे वजन या शाळांवर आहे, हजारांवर नाही. शिवाय हा पुरावा चाळीस आणि वीस यांच्या दरम्यानचा आहे. सत्तरची तुकडी पन्नासवर आणली तर काय होईल, याविषयी तो एक अक्षर बोलत नाही. आपल्याकडे निबंधाचा दाखला देऊन भाषणे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. तिसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. एकवीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने निराळे काय केले, हे निबंधात कुठेच नाही. वह्या जास्त वेळा तपासल्या? मागच्या बाकावरच्यांना उभे केले? की तेच व्याख्यान निम्म्या श्रोत्यांना दिले? वर्गाचे दार या संशोधनात बंदच राहते.

पण माझा मुख्य आक्षेप हा नाही. सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: ३९ आणि ४२ हे आकडे आपोआप पडले. पट हा काही पर्जन्यमापकातला पाऊस नव्हे. तो माणसे लिहितात, आणि लिहिणाऱ्याला उंबरठा कुठे आहे हे पक्के ठाऊक असते.

चिलीचे उदाहरण पाहा. तिथे अनुदानित शाळांत वर्गाची मर्यादा पंचेचाळीस. तिथल्या शाळांचा अभ्यास मिगेल उर्कियोला आणि एरिक व्हरहूगेन यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. पंचेचाळीस किंवा त्याच्या पटीत नेमका पट असलेल्या खासगी शाळांची तिथे गर्दी झालेली आढळली. त्यांनी ४६ वे मूल घेतलेच नव्हते, कारण त्याच्यापायी जादा वर्ग आणि जादा शिक्षक आला असता. उंबरठ्याच्या दोन बाजूंच्या शाळांतली मुले सारख्या घरांतली नव्हती. उंबरठा ओलांडलेल्या शाळांत घरचे उत्पन्न आणि आईचे शिक्षण अधिक होते. नाणेफेक म्हणून जी दिसत होती, तिचे नाणे आधीच ठरवून टाकलेले होते. अशा ठिकाणी अँग्रिस्ट-लावींची रीत लावली तर श्रीमंतीचा परिणाम वर्गाच्या आकाराच्या नावावर जमा होतो.

इस्रायलमध्ये नेमके उलटे घडत होते, पण ते ध्यानात यायला पुढची आकडेवारी यावी लागली. २००२ ते २०११ या वर्षांच्या नोंदींत ४१ किंवा ८१ जेमतेम गाठलेल्या शाळा अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. म्हणजे चिलीत पट उंबरठ्याच्या अलीकडे साचला आणि इस्रायलमध्ये पलीकडे. यात गूढ काही नाही. जिथे जादा वर्गाचा भार शाळेच्या मालकावर पडतो तिथे एक मूल कमी घेतले जाते, आणि जिथे तो सरकार उचलते तिथे एक मूल कुठून तरी मिळवले जाते. पट कोणत्या बाजूला फुगला आहे एवढे पाहिले तरी खर्च कोणाच्या खिशातून जातो ते सांगता यावे.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. संचमान्यतेच्या वेळी पटावरचे एक नाव म्हणजे कोणाची तरी नोकरी असते. तुकडी टिकली तर शिक्षक टिकतो, नाही तर तो अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. त्या प्रकारातल्या लबाडीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे आहे ते एवढेच की, असा पट घेऊन कोणी मायमोनिडीजचा आलेख काढला असता तर वर्गात एकवीस मुले आहेत असे कागद म्हणाला असता आणि प्रत्यक्षात कदाचित तेराच असती.

आता निबंधाच्या लेखकांची बाजू. अँग्रिस्ट आणि लावी यांनी दोन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन २०१९ साली स्वतःचाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. या वेळी नमुना फार मोठा होता, २००२ ते २०११ या काळातला. नियमाप्रमाणे वर्ग अजूनही ४१ ला कोसळत होते. गुण मात्र उसळत नव्हते. वर्गाच्या आकाराचा परिणाम निघाला शून्य. 'काही निश्चित सांगता येत नाही' अशा अर्थाचे हे शून्य नव्हते. चुकीची शक्यता दोन्ही बाजूंना थोडीच राहील इतक्या बारकाईने मोजलेले ते शून्य होते. वीस वर्षे जगभर शिकवल्या गेलेल्या आपल्याच निष्कर्षाला नव्या आकड्यांचा दुजोरा मिळत नाही, हे त्यांनी स्वतः छापले.

फुगलेल्या पटाचा प्रश्नही त्यांनीच उघडकीला आणला आणि त्यावर शोधलेला उपाय मला मूळ युक्तिवादापेक्षाही आवडला. त्यांनी शाळेने कळवलेला पट बाजूला ठेवला. मुलांच्या जन्मतारखा घेतल्या, आणि कायद्याप्रमाणे त्या वर्षी त्या इयत्तेत किती मुले असायला हवी होती ते मोजले. मुख्याध्यापक एखादे मूल पटावर चढवू शकतात, पण त्याची जन्मतारीख काही हलवू शकत नाहीत. या 'हव्या असलेल्या' पटावरून नियमाचा वर्ग काढला, तरी उत्तर शून्यच आले. पटाची फिरवाफिरव झाली असली तरी तिने निष्कर्ष बिघडवलेला दिसत नाही, ना जुना ना नवा, असे ते म्हणतात.

नव्या आकड्यांपुरते हे पटते. जुन्यांविषयी मला शंका उरते. १९९१ च्या आकड्यांत नियमाने ठरणाऱ्या वर्गाचा घरच्या परिस्थितीशी संबंध दिसत नाही, हा त्यांचा आधार. पण एक्केचाळिसावे मूल मिळवणारा मुख्याध्यापक कसा असतो? घरोघर हिंडणारा, पालकांना ओळखणारा, खात्याकडून जे मिळेल ते शाळेसाठी आणणारा. अशा माणसाच्या शाळेत गुण चांगले आले तर त्याचे श्रेय एकवीसच्या वर्गाला द्यायचे की त्याला? घरच्या उत्पन्नाचा तक्ता कितीही नीट जुळला तरी हा माणूस त्यात सापडणार नाही.

मग १९९१ चे उत्तर चुकीचे आणि २०१९ चे बरोबर असे म्हणायचे का? तेवढे सरळ नाही. पहिला नमुना लहान होता, आणि लहान नमुन्यात योगायोग मोठा दिसतो. पण त्या दहा-वीस वर्षांत शाळाही बदलल्या असतील, चाचण्याही. लंबकाचा आवर्तनकाल १९९१ मध्ये आणि २०११ मध्ये सारखाच येतो. शाळेविषयी तशी खात्री कोणी दिलेली नाही. समाजशास्त्रातल्या मोजमापाखाली गाव आणि साल लिहिलेले असते, आणि वर्तमानपत्रात पोचेपर्यंत ते गळून पडते.

प्रत्यक्ष प्रयोग केला तर हा घोळ मिटेल असे काहींना वाटते. तोही झालेला आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे, एकूण सुमारे ११,६०० मुलांना सोडत काढल्यासारखे वाटून दिले होते. काही १३ ते १७ मुलांच्या वर्गांत, काही २२ ते २५ मुलांच्या. लहान वर्गांतल्या मुलांना गुण जास्त मिळाले. ॲलन क्रूगर यांनी केलेले त्या प्रयोगाचे विश्लेषण मे १९९९ च्या त्याच अंकात, अँग्रिस्ट-लावींच्या निबंधाच्या लगेच आधी छापलेले आहे. पण तिथेही काही मुले शाळा सोडून गेली, काही पालकांनी वर्ग बदलून घेतले, आणि सोडतीची शुद्धता वर्षागणिक कमी होत गेली. शिवाय टेनेसीतले बालवर्ग आणि इस्रायलची पाचवी यांना एका मापाने कसे मोजणार?

आपल्याकडे असा अभ्यास करता येईल का, हा प्रश्न शिक्षकांच्या मनात आला असेलच. पायऱ्यापायऱ्यांचा नियम आपल्याकडेही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असे कोष्टक आहे. साठाच्या शाळेत एका शिक्षकामागे तीस मुले, आणि एकसष्टाच्या शाळेत वीस. करवत तयारच आहे. पण हे दाते संपूर्ण शाळेचे आहेत, एका इयत्तेचे नाहीत. दोनाचे तीन शिक्षक झाले की मुले तर विभागली जातातच, शिवाय एका शिक्षकाकडच्या इयत्तांची जुळणीही बदलते. पहिली-दुसरी-तिसरी एकत्र सांभाळणारा शिक्षक फक्त पहिली-दुसरी सांभाळू लागतो. गुण वाढले तर ते कशामुळे, हे उंबरठ्यावरून वेगळे काढता येणार नाही.

पटाच्या खरेपणाविषयी वर लिहिलेच आहे. त्यावर इस्रायली लेखकांचा जन्मतारखांचा उपाय करायला आपल्याकडे जनरल रजिस्टर आहे, आणि त्यात प्रत्येक मुलाची जन्मतारीख असते. जुनी रजिस्टरे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना मात्र इथे हसू आले असेल. त्यांतल्या पानापानांवर गावातली निम्मी मुले १ जूनला जन्मलेली असतात.